उभी रेघ, आडवी रेघ

परबांनी माझ्याकडे माझ्या वडिलांचं धोतर मागितलं, तेव्हा वडिलांना जाऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. सकाळी साडेसहाला दाराची कडी वाजली. उघडून बघतो तर पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेले, हातात बादली घेतलेले परब उभे. आमच्या सोसायटीतल्या सहा गाड्या ते रोज सकाळी धुवायचे, एवढीच तोवर आमची ओळख होती.

"सायब, तात्यांची धोतरां कोणाक दिलास काय?"

"नाही अजून. का हो?"

"जुना एक व्हया होता. नवीन नको. तात्या घरात नेसत ना, धुऊन धुऊन पातळ झालेला, ता."

माझी बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती, तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. दुसरा कुणी माझ्या जागी असता तर त्यानं दार आपटलं असतं. मला राग आला नाही. त्या दिवसांत मला काहीच येत नव्हतं, ना राग, ना रडू. वडील गेल्याचं मी ऑफिसात चार माणसांना सांगितलं, तेही रजेचा अर्ज भरताना सांगावं तसं. मी आत जाऊन कपाटातलं एक धोतर आणून परबांच्या हातात ठेवलं.

त्यांनी ते जिन्यातल्या उजेडापुढे धरलं. तोंडाजवळ नेऊन फुंकर मारली आणि पलीकडे हात धरून वारा येतो का बघितला. गालाला लावलं. मग माझ्या दारातच एक टोक बादलीत सोडलं आणि ओठ हलवत आकडे मोजले. टोक बुडालं.

"तीन," परब म्हणाले, आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

ही त्यांची परीक्षा होती. कापड पाण्यावर सोडायचं आणि बुडेपर्यंत मोजायचं. पाचाच्या आत बुडालं तर ते काचेला चालणार. त्याहून जास्त वेळ तरंगलं तर त्यात खळ आहे, तेल आहे, साबण राहिलाय. ते पाणी पिणार नाही, नुसतं इकडून तिकडे फिरवणार. नवीन कापड तर ते दाराबाहेरच ठेवायचे. कापड शंभरदा धुतलं गेल्याशिवाय त्याला अक्कल येत नाही, असं त्यांचं मत होतं. हाच हिशेब माणसांना लावला तर आमच्या सोसायटीतले निम्मे सभासद बाद झाले असते.

आम्ही मुलुंडला राहायचो, तळमजल्यावर. खिडकी थेट गाड्यांच्या जागेत उघडायची. ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही त्याला दुसऱ्यांच्या गाड्या रोज धुतलेल्या बघायला मिळाव्यात, अशी सोय बिल्डरने करून ठेवली होती. मी कांजूरमार्गच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम बघायचो. आठाला घर सोडायचं, त्याआधी खिडकीत बसून चहा प्यायचा. त्या चहाबरोबर मी परबांना बघत आलो.

परब मूळचे कुडाळकडचे. तेवीस वर्षं परळच्या एका गिरणीत कामाला होते, तयार कापड तपासायच्या खात्यात. उतरत्या टेबलावरून कापड सरकत जायचं, मागे दिवा, आणि परब मान डावीकडे कलती करून उभे. कुठे धागा तुटलेला, कुठे तेलाचा डाग, कुठे वीण सैल. दिसलं की कडेला लाल दोरा बांधायचा. संप झाला आणि त्या गिरणीचं दार त्यांच्यासाठी परत उघडलं नाही. बरोबरीचे लोक कुणी गावी गेले, कुणी भाजी विकायला बसले. परब भांडुपच्या चाळीतून रोज पहाटे चालत मुलुंडला यायला लागले आणि गाड्या धुवायला लागले. कापड गेलं, त्याच्या जागी काच आली. मान मात्र तशीच कलती राहिली. काच पुसून झाली की ते दोन पावलं मागे सरायचे, मान डावीकडे टाकायचे आणि काचेवरून तिरकी नजर फिरवायचे. नजर कुठे अडली की पुन्हा कापड.

तात्यांच्या धोतराचे त्यांनी चार तुकडे केले. बायकोकडून कडा हातशिलाईनं दुमडून घेतल्या, कारण सुटे दोरे काचेला चिकटतात. वापरताना शिवण नेहमी आतल्या घडीत ठेवायचे. एका बादलीत साधं पाणी. दुसऱ्या बादलीत पाण्यात अर्धं बूच स्पिरिट, डॉक्टर सुई टोचायच्या आधी लावतात ते. ते त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरून आणलेलं असायचं. पहिला तुकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, तिसरा कोरडा. चौथा खांद्यावर, तो नुसता शेवटच्या एका हातासाठी. साबण काचेच्या जवळपाससुद्धा आणायचा नाही.

"काच पुसूची नसता, सायब, सुकवूची असता," ते म्हणायचे. "नुसती पुसलास की रेघ येता."

आणखी एक सवय होती, आणि पुढचं सगळं तिच्यावरच आलं. पुढची काच ते आतून पुसताना हात आडवा चालवायचे, डावीकडून उजवीकडे. बाहेरून पुसताना उभा, वरून खाली. कधी चुकून उलटं व्हायचं नाही. एकदा मी खिडकीतून विचारलं, "परब, हा काय नेम?"

"रेघ ऱ्हवली तर खयची ता कळूक व्हया ना? आडवी दिसली तर आतली. उभी दिसली तर भायरची. उगीच दोनय बाजू घासूक नकोत."

मला ते इतकं आवडलं की मी ऑफिसात चार जणांना सांगितलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या सबनीसबाईंच्या मुलानं मस्कतहून काच पुसायचं निळं पाणी पाठवलं होतं, फवारा मारायच्या बाटलीत. बाईंनी ते सोसायटीभर मिरवलं आणि मग परबांच्या हातात दिलं. "परब, आजपासून आमच्या गाडीला हेच. इम्पोर्टेड आहे, जपून वापरा." परबांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. रोज सकाळी ते गाडीच्या बॉनेटवर त्यातला एक फवारा मारायचे, काचेला त्याचा थेंबसुद्धा लागू द्यायचे नाहीत, आणि मग आपल्या बादलीकडे वळायचे. बाई खाली आल्या की नाक वर करून वास घ्यायच्या. "बघा, काच कशी झकास निघाली! शेवटी फॉरेनचं ते फॉरेनचं."

मी नंतर परबांना म्हटलं, "अहो, सांगून टाका ना त्यांना."

"कित्याक? बाईंका वास व्हयो, माका काच व्हयी. दोगांचाय भागता."

परबांच्या या सुखात मी लक्ष घातलं, तिथून बिघडायला सुरुवात झाली. आमच्या कारखान्यात पाहुणे यायचे, त्यांच्यासाठी भाड्याच्या गाड्या लागायच्या. त्या आम्ही स्टेशनजवळच्या हंसराजशेठकडून घ्यायचो. शेठच्या आठ गाड्या होत्या आणि त्यांना धुणारा माणूस टिकत नव्हता. एक दिवस शेठ म्हणाले, "कोई भरोसेवाला आदमी दो ना, कर्णिकसाब. छे महिने में पर्मनंट करूंगा." पर्मनंट म्हटल्यावर मी तिथेच परबांचं नाव सांगितलं.

गिरणीतल्या माणसाला त्या शब्दाचं काय असतं ते मला परबवहिनींनी समजावलं. त्या आमच्या घरी कधी आल्या नव्हत्या, त्या दिवशी आल्या. परबांची गिरणी सुटल्यापासून त्या एका खानावळीत पोळ्या लाटत होत्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, तुमी सांगा त्यांका. तुमचा ऐकतत. परत कोणीतरी त्यांका पर्मनंट म्हणूक व्हया. घरात बोलणत नाय, पण माका दिसता."

परब शेठकडे गेले आणि तासाभरात माझ्याकडे परत आले. हातात एक पिवळा टॉवेल होता, जाड, नवाकोरा, अजून चकाकणारा. शेठनं असे टॉवेल कुठूनतरी गठ्ठ्यानं आणले होते, आणि निळ्या साबणाचा एक मोठा डबा. शेठची अट एकच होती: त्यांच्या गाड्यांना त्यांचाच टॉवेल आणि त्यांचाच साबण. घरची चिंधी चालणार नाही, गिऱ्हाईक बघतं.

परबांनी टॉवेल बादलीत सोडला. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. तीस झाले, चाळीस झाले. टॉवेल तरंगतच होता.

"जमाचा नाय, सायब. ह्या कापडाक पाणी दिसणाच नाय."

मी तेव्हा जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणालो, "परब, टॉवेलासाठी कुणी पर्मनंट नोकरी सोडतं का? उद्या वहिनींना काय सांगणार आहात, टॉवेल बुडाला नाही म्हणून?"

त्यांनी टॉवेल पिळला. बराच वेळ पिळत होते. सोमवारी ते कामावर रुजू झाले.

आमच्या गाड्या पहाटे तात्यांच्या धोतराने, शेठच्या गाड्या दिवसा पिवळ्या टॉवेलाने, अशी वाटणी मी माझ्या मनाशी करून टाकली. शेठकडे पद्धत अशी होती की गाडीच्या बाहेरचं ड्रायव्हरनं बघायचं, आतलं परबांनी. चार-पाच महिने गेले. परब नेहमीसारखेच दिसत होते. मी चहा पीत होतो, माझं बरं चाललं होतं.

त्या दिवशी आमच्याकडे बाहेरगावचे एक पाहुणे विमानाने यायचे होते. त्यांना आणायला मी शेठची गाडी घेतली. ड्रायव्हर सदा होता, तिशीतला, सतत बोलणारा. मी पुढेच बसायचो, मागे बसलो की उगाच साहेब झाल्यासारखं वाटायचं. पाचच्या सुमारास आम्ही पवई तलावाच्या रस्त्याला लागलो. वळण संपलं आणि सूर्य एकदम समोर आला.

काचेवर पांढुरकी रेघ उठली. चार बोटं रुंद, सदाच्या बाजूने निघून माझ्या बाजूपर्यंत आलेली. आडवी. ती रेघ कुठे सुरू होते आणि कुठे फिकट होते ते मी आजही कागदावर काढून दाखवू शकेन.

"च्यायला, काय दिसत नाय यार," सदा म्हणाला. त्याने डोक्यावरची ऊन अडवायची पट्टी खाली ओढली आणि मान वाकवली. रस्त्यात पंक्चर झालेला ट्रक उभा होता. मागे दगड लावले होते. ते दगड मला दिसले, म्हणजे आवाज झाल्यावर दिसले.

सदा तिथेच गेला. माझा खांदा मोडला. हॉस्पिटलात पोलिसांनी गाडीचा वेग विचारला, ब्रेक विचारला, ट्रकचे दिवे लागले होते का ते विचारलं. काचेबद्दल कुणीच विचारलं नाही. बायको रडली, ऑफिसचे लोक आले, कुणीतरी सदाच्या घरच्यांबद्दल सांगितलं. मी छताकडे बघत पडलो होतो. मला सगळं ऐकू येत होतं आणि काही होत नव्हतं.

चौथ्या दिवशी परब आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. खाटेच्या दांडीला हात लावून उभे राहिले.

"सायब, सूर्य समोर होतो?"

"हो."

"काचेर रेघ होती?"

मी त्यांच्याकडे बघितलं. खोटं बोलायला माझी हरकत नव्हती, पण 'रेघ नव्हती' म्हणायला तोंड वळेना. "होती."

"उभी काय आडवी?"

म्हणजे हे विचारायला ते आले होते. मी हिशेब केला, फार वेळ लागला नाही. आतली बाजू परबांची, बाहेरची सदाची. आडवी म्हटलं तर सदाचा जीव परबांच्या हातावर जाणार, आणि त्या हातात टॉवेल मी दिला होता. उभी म्हटलं तर ती सदाची. सदाला आता कुणी जाब विचारणार नव्हतं. मेलेल्या माणसावर टाकणं सोपं होतं.

"उभी," मी म्हणालो.

"उभी?"

"हो."

"नक्की?"

"नक्की, परब. उभीच होती."

परबांनी दांडीवरचा हात काढला. "बरा," म्हणाले आणि निघून गेले. मला वाटलं, एक काम नीट झालं.

तीन आठवड्यांनी मी घरी आलो, खांदा बांधलेला. पहिल्या सकाळी सवयीने खिडकीत बसलो. परब सबनीसबाईंच्या गाडीची काच पुसत होते, पिवळ्या टॉवेलानं. काचेवर टॉवेलाची लव चिकटत होती. ते दोन पावलं मागे सरले नाहीत. सरळ पुढच्या गाडीकडे गेले. बाई जिन्यातून म्हणाल्या, "अहो परब, हल्ली काचा धुरकट दिसतात हो." परब पुढची गाडी पुसत राहिले.

मी त्यांना खिडकीशी बोलावलं. "परब, इथे तरी धोतराचं कापड वापरा की. इथे कुठे शेठ आहेत?"

त्यांनी बादली खाली ठेवली.

"सायब, त्या दिसा सदा उशिरा इलो. गाडीच्या दोनय बाजू मीच केलंय. शेठ येवच्या आधी भायरची बाजू केलंय, तात्यांच्या धोतरान. ता मी रोज कमरेक खोवन नेय होतंय, कोणाक सांगूक नाय. मागसून शेठ इले आणि समोर उबे ऱ्हवले. म्हणान आतली बाजू टॉवेलान केलंय."

मी चहाचा कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

"आडवी असती तर टॉवेलाची," परब म्हणाले. "टॉवेल वाईट, ता माका आधीच ठावक होता. शेठनी दिल्यान, मी घेतलंय. माझी चूक, पण ती कळणारी. उभी म्हंजे माझ्या कापडाची. माझ्या हाताची. तेवीस वर्षां गिरणीत आणि हयसर इतकी वर्षां, आणि माका रेघ दिसूक नाय. मग आता कापड खयचाय असला तरी काय?"

मी उठून उभा राहिलो. "परब, ती उभी नव्हती. आडवी होती. मी खोटं बोललो तुमच्याशी. मला वाटलं बाहेरची बाजू सदाची, म्हणून उभी म्हणालो. आडवी होती, चार बोटं रुंद, त्याच्याकडून माझ्याकडे आलेली."

परबांनी मान डावीकडे कलती केली आणि माझ्याकडे बघितलं. कापडाकडे बघायचे तसंच.

"माझ्या मनाक बरा वाटाचा म्हणान सांगतास," ते म्हणाले.

"नाही हो. तात्यांची शपथ."

"शपथ घेव नकात, सायब. तुमी मनाचे चांगले आसात. पण हास्पिटलात मी तुमका दोनदा विचारलंय." आणि त्यांनी बादली उचलली.

दुसऱ्या दिवशी दाराची कडी वाजली. मी उघडलं तेव्हा दारात कुणी नव्हतं. उंबऱ्याशी तात्यांच्या धोतराचे चार तुकडे ठेवले होते, धुतलेले, इस्त्री केलेले, शिवण आतल्या घडीत. बायकोनं ते उचलले आणि तिला रडू कोसळलं. मी ते कपाटात ठेवले. महिनाअखेर परबांनी सोसायटीचं काम सोडलं. शेठनं त्यांना पर्मनंट केल्याचं परबवहिनींनी पेढे देताना सांगितलं. परब स्वतः आले नव्हते.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. वर्षभराने असेल, मला ऑफिससाठी पुन्हा शेठची गाडी घ्यावी लागली. संध्याकाळची वेळ होती, गाड्या आवारात पश्चिमेकडे तोंड करून उभ्या होत्या. परब खाकी शर्टात होते, खिशावर शेठच्या एजन्सीचं नाव. त्यांनी मला पाहिलं आणि हात वर केला. ड्रायव्हर आला नव्हता, म्हणून माझ्या गाडीची काच दोन्ही बाजूंनी त्यांनीच पुसली. आतून आडवी, बाहेरून उभी. हाताला ती सवय राहिली होती. झाल्यावर मागे सरले नाहीत, मान कलती केली नाही. बादली उचलून पुढच्या गाडीकडे गेले.

मी पुढच्या सीटवर बसलो. नवा ड्रायव्हर अजून बाहेरच होता. ऊन समोरून काचेवर आलं आणि रेघ उठली. चार बोटं रुंद, ड्रायव्हरच्या बाजूने निघून माझ्यापर्यंत. आडवी. तोच टॉवेल, तीच बाजू, तीच रेघ. मी वर्षभर ज्याची शपथ घ्यायला तयार होतो ते माझ्यासमोर होतं. परबांना इथे बसवून नुसतं दाखवलं असतं तर त्यांना बघता आलं असतं. शपथ लागली नसती.

मी दार अर्धं उघडलं. परब दोन गाड्या पलीकडे, पाठमोरे. एक हाक पुरली असती. मला लाज वाटली. ही रेघ दाखवायची म्हणजे त्या दिवशीच्या रेघेबद्दल त्यांना पुन्हा बोलायला लावायचं, आणि मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो ते पुन्हा त्यांच्यासमोर ठेवायचं. ड्रायव्हर येऊन बसला, त्याने किल्ली फिरवली.

"साहेब, दार नीट लावा."

मी दार लावलं.